अहमदनगरची गादी आणि आपले किल्ले : एका विसरलेल्या युद्धाची हकीकत



शाळेत जगाचा इतिहास शिकताना आपण सर्वांनी इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील शंभर वर्षांचे युद्ध वाचलेले आहे. फ्रान्सचा राजा १३२८ साली मुलगा न ठेवता वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा इंग्लंडच्या गादीवर होता, त्याने मामाच्या गादीवर हक्क सांगितला आणि १३३७ पासून १४५३ पर्यंत दोन्ही देश लढत राहिले. आमचे विद्यार्थी या युद्धाच्या सनावळ्या चांगल्या पाठ करतात. परंतु अशाच एका गादीच्या वादातून पेटलेले, एकेचाळीस वर्षे चाललेले एक युद्ध आपल्या नांदेड, कंधार, उदगीर आणि औसा या गावांच्या वेशीवर लढले गेले, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. कंधारच्या हजरत हाजी सय्याह सरवर यांच्या उरुसाला जाणारी मंडळी किल्ल्याचा खंदक पाहून येतात. तो खंदक कोणी, कोणाविरुद्ध आणि कोणाच्या नावाने लढवला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून आज आपल्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहे.

ही गादी होती अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीची. १४९० साली मलिक अहमदने हे राज्य स्थापन केले. त्याचे पूर्वज आपल्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी होते, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. तेव्हा हे राज्य मराठवाड्याला परके नव्हते. सोळाव्या शतकाच्या मध्यास बिदरच्या बरीदशाहीकडून औसा, उदगीर व कंधार हे किल्ले निजामशाहीने घेतले. अहमदनगर व दौलताबादकडून बिदर-गोवळकोंड्याकडे जाणारा मुलूख या किल्ल्यांच्या टापूत येतो आणि विजापूर, बिदर, गोवळकोंडा या तिन्ही राज्यांच्या सरहद्दी येथून जवळ. साहजिकच दख्खनमध्ये कोठेही ठिणगी पडली की धूर आपल्याकडे निघत असे.

एप्रिल १५९५ मध्ये बुऱ्हाण निजामशहा दुसरा वारला. त्याचा मुलगा इब्राहीम गादीवर बसला आणि अवघ्या चार महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर तान्हा होता. येथून घोटाळ्यास सुरुवात झाली.

दरबारात त्या वेळी दोन मोठे पक्ष होते. एक दख्खनी सरदारांचा, त्यांचा पुढारी मियाँ मंजू. दुसरा हबशी सरदारांचा, त्यांचा पुढारी इखलासखान. मियाँ मंजूने तान्ह्या बहादूरला चावंडच्या किल्ल्यात बंदोबस्तात ठेवले आणि अहमद नावाच्या बारा वर्षांच्या एका मुलाला राजघराण्याचा वंशज म्हणून गादीवर बसवले. थोड्याच दिवसांत हा मुलगा निजामशाही रक्ताचा नाही असा बोभाटा झाला. तेव्हा इखलासखानाने बहादूरला मागून घेण्यासाठी चावंडला माणसे पाठवली. पण मियाँ मंजूचा लेखी हुकूम असल्याशिवाय मुलाला सोडणार नाही, असे तेथील किल्लेदाराने सांगितले. इखलासखानाला खरा वारस मिळेना. म्हणून त्याने बाजारातून त्याच वयाचे एक पोर आणले, त्याला मोती शहा हे नाव दिले आणि हाच खरा राजा असे जाहीर केले! तिसरीकडे अभंगखान हबशी विजापूरच्या सरहद्दीवर गेला व पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा सत्तरीतला मुलगा शहा अली याला घेऊन आला. चौथा पक्ष चांद बिबीचा. ती हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. तिने बहादूरचा हक्क उचलून धरला, आणि कायद्याने पाहिले तर तिचेच म्हणणे खरे होते.

म्हणजे एका गादीला चार वारस झाले. त्यांत एक तान्हे मूल, एक बारा वर्षांचा, एक बाजारातला आणि एक सत्तर वर्षांचा म्हातारा. यांपैकी कोणालाही स्वतःहून राजा व्हायचे होते असे दिसत नाही. मुलांच्या वर्गापुढे रोज उभा राहणारा माणूस म्हणून मला या मुलांचे वय वाचून फार विषाद वाटतो. आमच्या सातवीच्या वर्गात बसावे अशा वयाचा अहमद. त्याच्या नावाने खुत्बा वाचला जात होता आणि त्याच्या नावाने माणसे मरत होती.

हबशी सरदारांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा मियाँ मंजूने एक पत्र लिहिले. गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, त्याने मदतीस बोलावले. अकबराची दख्खनवर नजर आधीपासून होतीच. मुराद व खानखानान अब्दुर्रहीम फौज घेऊन निघाले. मजा अशी की ते पोहोचण्यापूर्वीच मियाँ मंजूने हबश्यांचा पराभव केला होता आणि मोगलांची त्याला गरज उरली नव्हती. पण बोलावलेला पाहुणा परत जाईना. तेव्हा मियाँ मंजूने अहमदनगरचा किल्ला मागे सोडला आणि तो आपल्या बाल-राजाला घेऊन, विजापूर व गोवळकोंड्याची मदत मिळवण्यासाठी, औशाकडे आला. लातूरहून जेमतेम वीस किलोमीटरवरचे आपले औसा या युद्धात प्रथम येते ते असे.

अहमदनगरचा पहिला वेढा सर्वांना थोडाफार माहीत आहे. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल आले. वाटेत त्यांनी पैठण लुटले. म्हाताऱ्या शहा अलीला घेऊन अभंगखानाने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. त्याची काही माणसे आत शिरली, पण शहा अलीला मागे फिरावे लागले व त्याचे पुष्कळ लोक पडले. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंग उडून तट कोसळला. त्या वेळी चांद बिबी बुरखा घेऊन, हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली गेली. तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, पण बहादूर हाच राजा हे मोगलांना मान्य करावे लागले. मियाँ मंजू मग अहमदला घेऊन गादी मागण्यास परत आला. अखेर विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाने दोघांना आपल्याकडे बोलावून चाकरीस ठेवले आणि हा मुलगा राजवंशाचा नाही असे ठरवून टाकले. वादातला एक दावेदार असा बाजूला झाला. परंतु ज्याच्यासाठी मोगल आले तो दूर झाला तरी मोगल राहिलेच.

फेब्रुवारी १५९७ मध्ये विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर यांच्या एकत्रित फौजेची आणि मोगलांची परभणी जिल्ह्यात सोनपेठजवळ गोदावरीकाठी दोन दिवस लढाई झाली. दख्खनी फौजेचा सेनापती सुहेलखान हा हबशी, आणि मोगलांच्या बाजूने लढताना पडला तो खानदेशचा राजा अलीखान. धर्म, जात किंवा मुलूख यांवरून बाजू ओळखायला जाल तर या युद्धात पदोपदी चुकाल. आपण ज्याला आज सोयीने ‘मुसलमानी अंमल’ असे एकाच शब्दात गुंडाळतो, त्यात हे सर्व होते आणि ते एकमेकांविरुद्ध लढत होते. लखुजी जाधव, मालोजी भोसले यांच्यासारखे मराठे सरदार निजामशाहीच्या चाकरीत वाढले, हे तर प्रसिद्धच आहे.

१६०० साली चांद बिबी मोगलांशी बोलणी करते अशी हूल उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेले गेले. त्या वेळी तो पाच-सहा वर्षांचा असेल.

राजधानी गेली, राजा गेला, म्हणजे राज्य संपले असे कोणालाही वाटावे. पण येथेच या युद्धाचा दुसरा आणि माझ्या मते खरा भाग सुरू होतो. त्याचा नायक मलिक अंबर.

अंबर हा मूळचा हबसाण म्हणजे इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बगदादला पोहोचला. तेथे ज्या मालकाकडे तो होता त्याने त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकवले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबरने कारभार पाहिला. आपल्या संस्थेच्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे असे मला वाटते. तलवार चालवणारे हबशी दख्खनमध्ये हजारो होते, परंतु जमीन मोजून सारा ठरवणारा, खिडकीला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) नहर आणणारा आणि दरबाराचे कागद स्वतः समजणारा हा एक निघाला. त्याची ‘मलिक अंबरी’ जमाबंदीची पद्धत त्याच्यानंतरही लोकांच्या तोंडी राहिली.

अहमदनगर पडले तेव्हा त्याच्यापाशी शे-दीडशे स्वार होते. त्याने म्हाताऱ्या शहा अलीचा मुलगा शोधून काढला, त्याला १६०० साली परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. अशा रीतीने मोगलांचा राजा अकबर आणि परांड्याचा राजा मुर्तझा असे एकाच मुलुखाचे दोन धनी झाले.

आता आपण आपल्या नांदेडला येऊ. अंबर पूर्वेकडे तेलंगणाच्या बाजूने सरकला, त्याला फरहादखान हबशी येऊन मिळाला. या भागातले मोगल ठाणेदार अडचणीत आले, तेव्हा खानखानानने आपला मुलगा मिर्झा इरज याला पाठवले. १६०२ साली नांदेडजवळ समोरासमोर लढाई झाली. अंबरचा पराभव झाला, त्याचे हत्ती मोगलांच्या हाती गेले आणि तो स्वतः जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्याला रणांगणातून उचलून नेले नसते, तर पुढची चोवीस वर्षे दख्खनच्या इतिहासात नसती. थोड्याच दिवसांत खानखानानने त्याच्याशी तह करून सरहद्दी ठरवून घेतल्या. पराभूत माणसाशी विजयी सेनापती तह करतो, यावरून त्या पराभवाचे वजन समजते.

नांदेडच्या या लढाईने अंबरला धडा दिला, असे माझे मत आहे. मोगलांच्या तोफा व जड घोडदळ यांच्यासमोर मोकळ्या मैदानात उभे राहण्याची चूक त्याने पुढे क्वचितच केली. हलके मराठा स्वार घेऊन रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला दमवायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, हे तंत्र त्याने मुरवले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल व विजापूर यांच्या एकत्रित फौजेला त्याने तलाव फोडून चिखलात अडकवले व धूळ चारली. त्या लढाईत शहाजी भोसले त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. जहांगीर बादशहा तर अंबरवर इतका चिडलेला होता की, अंबरचे शीर भाल्यावर ठेवून आपण त्याला बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शीर त्याला कधी मिळाले नाही. १६२६ साली अंबर सुमारे ऐंशीच्या घरात वारला व खुलताबादेत त्याला दफन करण्यात आले. त्याच्या मृत्यूची नोंद करताना मोगल दरबारच्या मोतमदखानानेही, युद्धात व कारभारात त्याला तोड नव्हती, अशी कबुली दिली आहे. औशाला त्याने अंबरापूर हे नाव दिले होते असे सांगतात.

वर्गात हा भाग शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : “सर, मलिक अंबर आपला की परका?” मुसलमान मुले एका अपेक्षेने विचारतात, हिंदू मुले दुसऱ्या. मी एवढेच सांगतो की तो हबसाणात जन्मला, दख्खनसाठी मुसलमान बादशहाशी लढला, त्याच्या फौजेत मराठे होते आणि त्याची कबर आपल्या मराठवाड्यात आहे. आता तुम्हीच ठरवा. मुले बराच वेळ ठरवत बसतात आणि तास संपतो.

परंतु अंबरच्या गुणगानात त्याच्या राजाला विसरू नये. मुर्तझा निजामशहा १६१० साली वारला, त्याच्यावर विषप्रयोग झाला असे सांगतात, आणि तो अंबरच्या कारस्थानातून झाल्याचा संशय आहे. त्याच्या जागी त्याचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण आला. म्हणजे ज्या गादीसाठी लढायचे, तीवर बसणाऱ्याला बोलता येऊ नये, हीच सर्व पक्षांची सोय होती. अंबरही याला अपवाद नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य केले पाहिजे.

अंबरनंतर सर्व विसकटले. १६२९ साली लखुजी जाधव व त्यांचे पुत्र दौलताबादच्या दरबारात मारले गेले आणि मराठे सरदार दुरावले. त्यातच १६३० चा पावसाळा कोरडा गेला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना दुष्काळ म्हणजे काय हे सांगायला नको, पण १६३० ते १६३२ चा दुष्काळ त्याहून शतपट भयंकर होता. भाकरीच्या तुकड्यासाठी लोक स्वतःला विकायला निघत आणि घेणारा मिळत नसे, असे शाहजहानच्या दरबारचा अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. तो जिंकणाऱ्या बाजूचा लेखक, त्याला दख्खनच्या दुःखाची अतिशयोक्ती करण्याचे कारण नव्हते.

आणि नेमक्या याच दुष्काळात, १६३१ साली, मोगल सरदार नसीरीखानाने कंधारला वेढा घातला. रानात चारा नाही, शिवारात दाणा नाही, आणि वेढा सुमारे साडेचार महिने चालला. फौज कोठून खात असेल? आसपासच्या खेड्यांतून, दुसरे कोठून? किल्ल्यात याकूत खुदावंदखानाचा मुलगा सादिक होता. कंधार भुईकोट आहे, त्याला डोंगराचा आधार नाही. त्याचे बळ खंदकात, दुहेरी तटात आणि तोफांत. विजापूरच्या रणदुल्लाखानाने मदतीचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी तटाखाली सुरुंग उडू लागले आणि मे १६३१ मध्ये किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. लहानमोठ्या शंभरांहून अधिक तोफा त्यांना मिळाल्या, अशी नोंद आहे. त्या वर्षी कंधार परगण्यातील किती गावे ओस पडली, याची नोंद कोणी ठेवली नाही. इतिहासकारांनी तोफा मोजल्या.

दौलताबादेत अंबरचा मुलगा फत्तेखान याने बुऱ्हाण निजामशहाला ठार करून त्याच्या कोवळ्या मुलाला, हुसेनला, गादीवर बसवले. १६३३ साली दौलताबाद पडले आणि हुसेनची रवानगी ग्वाल्हेरला झाली. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही वंशाचे आणखी एक मूल शोधले व संगमनेरजवळ पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला मुर्तझा तिसरा म्हणून बसवले. अंबरने परांड्यात जे केले तेच शहाजीराजांनी पेमगिरीला केले. एक हबशी मुसलमान, दुसरा मराठा हिंदू, दोघांनी एकाच घराण्याची गादी त्याच शत्रूविरुद्ध उभी केली.

१६३६ च्या आरंभी शाहजहान स्वतः दौलताबादला आला. मे महिन्यात विजापूरने त्याच्याशी तह केला, आणि शहाजीराजे एकटे पडले. आता उरले होते ते उत्तरेकडील काही डोंगरी किल्ले आणि आपल्याकडचे दोन, उदगीर व औसा. त्यांच्यावर खानदौरान चालून आला. हा खानदौरान म्हणजे कंधार घेणारा नसीरीखानच, आता बढती मिळून नवा किताब घेऊन आलेला. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हबशी याने ऐन पावसाळ्यात किल्ला लढवला. खाली सुरुंग उडाले तरी तो काही दिवस टिकला व सप्टेंबरअखेर त्याने किल्ला सोडला. मोगलांनी त्याला मनसब व हबशखान हा किताब देऊन आपल्या चाकरीत घेतले. पुढच्याच महिन्यात औशाच्या भोजराजाने किल्ल्या दिल्या. एका किल्ल्यावर हबशी, दुसऱ्यावर राजपूत, दोघेही ज्या राजाच्या नावाने लढत होते तो राजा त्यांनी बहुधा पाहिलेलाही नव्हता.

त्याच सुमारास माहुलीच्या किल्ल्यात अडकलेल्या शहाजीराजांना शरण जावे लागले. ते विजापूरच्या चाकरीत गेले. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शिवाजी, जो निजामशाहीच्याच शिवनेरी किल्ल्यावर जन्मला होता, पुढे काय करणार होता हे त्या वेळी कोणास ठाऊक असणार? बाल मुर्तझाला मोगलांच्या हवाली करण्यात आले आणि त्यालाही ग्वाल्हेरला पाठवले गेले. तेथे १६०० साली अहमदनगरहून नेलेला एक निजामशहा आणि १६३३ साली दौलताबादहून नेलेला दुसरा निजामशहा आधीपासून कैदेत होते. हा तिसरा.